भीती खाटेजवळ, गोचीड पातेऱ्यात

जांबोटी भागातल्या एका वहिनींचं पत्र आलं आहे. नाव आणि गाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. त्यांचे पती आणि धाकटे दीर दरवर्षी काजूच्या हंगामात चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागेत कामाला जातात. यंदा दीर तापानं फणफणून परतले. नाकातून रक्त आलं, तेव्हा बेळगावला नेऊन ॲडमिट केलं. तपासणीत माकडताप निघाला. आता ताप उतरला आहे, दीर घरी आहेत आणि खरा त्रास तिथून सुरू झाला आहे. त्या लिहितात :

"नळावर माझी घागर बाजूला सारतात. डेअरीत आमचं दूध घेत नाहीत. धाकटीला अंगणवाडीतून परत पाठवलं. सासूबाई म्हणतात, त्याची खाट गोठ्यात टाक. मोबाईलवर मेसेज फिरायलाय की हा ताप कोरोनासारखा श्वासातून पसरतो आणि शंभरातली पन्नास माणसं दगावतात. गेल्या आठवड्यात गावात एक वानर मेलं. पोरांनी त्याला हार घातला, गुलाल टाकला, भजन म्हणत मातीआड केलं. तेव्हा कुणी भ्यालं नाही, आणि आमच्या दाराला मात्र सगळी भिऊन आहेत. मालकाची उचल घेतलीय म्हणून आमचे हे परत बागेत जातो म्हणतात. मी काय करू? आणि एक खरं सांगा, माझी पोरं काकाला सोडत नाहीत, रात्री त्याच्याच शेजारी झोपतात. त्यांना काही होणार नाही ना?"

वहिनी,

शेवटचा प्रश्न आधी घेते. पोरांना काकाजवळ झोपू द्या. माकडताप एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला लागत नाही. श्वासातून लागत नाही, खोकल्यातून लागत नाही, एका ताटात जेवल्यानं किंवा एका पांघरुणात झोपल्यानं लागत नाही. हा आजार ओळखला गेला १९५७ साली. तेव्हापासून आपल्याच कर्नाटकात शिमोगा, उत्तर कन्नड, चिक्कमगळूर या भागांत हजारो माणसं आजारी पडली. त्यांना घरच्यांनी भरवलं, धुतलं, पुसलं. त्या सेवेतून आजार लागल्याची नोंद आजवर नाही. दिरांचं ताट वेगळं काढलं असेल तर आजच परत मांडणीत ठेवा.

पुन्हा कधी नाकातून रक्त आलं तर मात्र ते उघड्या हातानं पुसू नका. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, नंतर साबणानं स्वच्छ धुवा. ही शिस्त कुणाच्याही रक्ताच्या बाबतीत पाळायची, फक्त दिरांसाठी नव्हे. दवाखान्यात अंगभर किट घातलेली माणसं तुम्ही पाहिली असतील किंवा तसे फोटो मोबाईलवर आले असतील, त्यानंही भीती वाढते. प्रयोगशाळेत हे विषाणू काढून, वाढवून, हाताळावे लागतात. तिथं काम करणाऱ्यांना पूर्वी लागण झालेली आहे, म्हणून ते लोक इतकी काळजी घेतात. तुमच्या माजघरात ती परिस्थिती नाही.

आणि गोठा? वहिनी, सगळ्या घरात खाट टाकायला सर्वांत वाईट जागा कुठली असेल तर ती गोठा. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, कारण त्या दुष्टपणानं बोलत नाहीयेत. नातवंडांच्या काळजीनं बोलताहेत. पण हा आजार ज्या किड्यातून येतो तो किडा तुमच्या दिरांच्या अंगावर नसून रानातून चरून आलेल्या जनावरांच्या अंगावर आणि त्यांच्याखाली पसरलेल्या पाल्यात असू शकतो.

हा किडा म्हणजे गोचीड. गाईच्या कानात दिसणारी फुगलेली, करड्या रंगाची मोठी गोचीड तुम्ही रोज काढता. माणसाला चावून आजार देतात ती बहुतेक वेळा रानातल्या गोचिडीची अर्धवट वाढलेली पिल्लं. ती तिळाहून बारीक असतात. चावली तरी दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. दिवाळीनंतर रान वाळायला लागतं तशी ती पाचोळ्यात वळवळू लागतात आणि पहिल्या वळवापर्यंत तिथंच असतात. जानेवारी ते एप्रिल त्यांचा जोर सगळ्यांत जास्त. आता बघा, आपल्या खानापूर तालुक्यात रानात जायची सगळी कामं याच दिवसांतली. तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला पातेरा गोळा करायचा, पावसाळ्यासाठी जळण भरून ठेवायचं, काजू वेचायचे. बागेत तर आधी बेणणी करताना गुडघाभर झुडपात शिरावं लागतं, आणि मग दिवसभर झाडाखाली वाकून बोंडं आणि बिया उचलाव्या लागतात. हात पाचोळ्यात, पाय पाचोळ्यात. दुपारचा डोळा लागला तर पाठही पाचोळ्यातच. तुमच्या दिरांना आजार तिथं झाला.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. २०१५ साली सत्तरीत, २०१६ साली महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. त्याच २०१६ साली सत्तरीच्या काजूबागांत मजुरीला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या माणसांना हा आजार झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे आपली माणसं घाट उतरून पोटासाठी जातात आणि आजार घेऊन परततात, हे माहीत होऊन बरीच वर्षं झाली. तरी जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत हंगामाला निघालेल्या मजुराला कुणी दोन शब्द सांगत नाही. चावा गोव्यात, ताप कर्नाटकात आणि वानर मेलेलं कदाचित महाराष्ट्राच्या हद्दीत. तीन सरकारं, तीन वह्या. मला याचा फार राग येतो, आणि तुमच्या घराकडे बोट दाखवणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त राग याचा येतो.

आता वानराबद्दल. हे मी सावकाश लिहिते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती या ओळींची.

सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासची माणसं तापानं पडू लागली, तिथून हा आजार उघड झाला. पुण्याहून शास्त्रज्ञ आले. पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती, कारण त्यातही माकडं मरतात. तपासात वेगळाच विषाणू निघाला आणि तो गोचिडीत सापडला. त्या जंगलाचं नाव या आजाराला मिळालं. काळ्या तोंडाचं वानर असो की तांबड्या तोंडाचं माकड, दोघंही या विषाणूनं मरतात. त्यांनी आजार आणलेला नसतो, तीही आपल्यासारखीच बळी. पण मरताना त्यांच्या रक्तात विषाणू भरलेला असतो. अंगावरच्या शेकडो गोचिडी ते रक्त पितात, आणि वानर मेलं, अंग गार पडलं की त्याला सोडून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणजे वानर जिथं पडलं ती जागा आणि तिच्या आसपासचा पट्टा, हे त्या रानातलं सर्वांत धोक्याचं ठिकाण होऊन बसतं.

तुमच्या गावच्या पोरांनी त्याच जागी जाऊन वानर उचललं. हार घातला, खांद्यावर घेतलं, गुलाल लावला. ते मारुतीचं रूप, त्याला कुत्र्याच्या तोंडी कसं द्यायचं, ही भावना मला कळते. मी त्याची थट्टा करणार नाही. पण ज्या गावानं त्या वानराला खांदा दिला तेच गाव बरं होत आलेल्या माणसाला नळावर पाणी भरू देत नाही, हे मात्र सगळं उलटं झालं. धोका होता तिथं भजन आणि धोका नाही तिथं बहिष्कार.

ते वानर माकडतापानंच मेलं असं मी म्हणत नाही. तारेला चिकटून मरतात, कुत्र्यांच्या हल्ल्यात मरतात, म्हातारपणानंही मरतात. कशानं मेलं ते बघून सांगता येत नाही, तपासावं लागतं. म्हणून तुम्ही आशाताईंना आजच सांगा की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी वानर मेलं आणि पुरलं. आरोग्य खातं आणि वन खातं दोघांनाही कळायला हवं. ते येऊन त्या जागेभोवती औषध मारतात, गोचिडी गोळा करून तपासायला नेतात. ज्या पोरांनी वानर उचललं त्यांची नावं आशाताईंकडे असू देत. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. आणखी थोडे दिवस धरून दोन आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवलं की पुरे. त्यांना घाबरवू नका, कोंडून तर मुळीच ठेवू नका. ताप आला तर लपवायचा नाही, एवढंच सांगा. आणि पुढं कुठंही वानर पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, ओढायचं नाही, जाळायचंही नाही. हार लांबून वाहावा, नमस्कार लांबून करावा आणि फोन करावा. पंचमंडळींपैकी एखादा वयस्कर, देवळात मान असलेला माणूस हे बोलला तर पोरं ऐकतील.

शेजाऱ्यांचं वागणं मला पटत नाही, पण ते कुठून आलं हे दिसतं. २०२० साली मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच पोरांना शाळेत दोन-दोन आठवडे ठेवलं, दुरून भाकरी सरकवली. तेव्हा ते बरोबर होतं, कारण तो आजार श्वासातून येत होता. गाव तोच धडा आता जसाच्या तसा गिरवतंय. त्याच्याही आधीची एक आठवण आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली असते, प्लेगची. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या. माणसं माणसांना भीत होती, आणि प्लेग बहुतेक करून येत होता उंदरावरच्या पिसवेतून. १८९८ मध्ये सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत ते दाखवून दिलं. फुप्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाला जायचा, ते वेगळं. पण मेलेल्या उंदराला ओळखून दूर होणारं आपलं गाव तेव्हा अर्ध्या गोष्टीत बरोबर होतं. आज मेलेल्या वानराच्या बाबतीत तेवढी अर्धी गोष्टसुद्धा आपण विसरलो आहोत.

शंभरातली पन्नास माणसं दगावतात, हा मोबाईलवरच्या मेसेजमधला आकडा साफ खोटा आहे. माकडतापाच्या शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाच जण दगावतात. हेही थोडं नाही, ज्याच्या घरातलं माणूस जातं त्याच्यासाठी तर नाहीच. या विषाणूवर नेमकं औषध अजून नाही. सलाईन, रक्तस्रावाकडे लक्ष, गरज पडली तर रक्त किंवा प्लेटलेट, ताप उतरवणं, एवढ्यावर शरीर स्वतः लढतं आणि बहुतेक जण बरे होतात. मात्र त्यासाठी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचावा लागतो. इथंच बहिष्कार जीव घेतो. ज्या गावात तापाच्या माणसाच्या घरची घागर बाजूला सारतात, त्या गावातला पुढचा रुग्ण ताप लपवणार. चार दिवस गावठी डॉक्टरकडून सुई टोचून घेणार, दुकानातल्या अंगदुखीच्या गोळ्या खाणार आणि रक्त पडायला लागल्यावर बेळगाव गाठणार. तुमच्याशी वाईट वागणाऱ्यांना मुळात हे समजायला हवं, कारण तो पुढचा रुग्ण त्यांच्याच घरातला असू शकतो.

त्या गोळ्यांचं जरा नीट लक्षात ठेवा. अचानक थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कमरेपासून पिंढऱ्यांपर्यंत अंग पिळवटणं, डोळे लाल होणं, उलट्या, ही या तापाची सुरुवात. अशा वेळी पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरसमोर बसल्यावर फक्त "ताप आलाय" म्हणू नका. आपल्याकडे तापाचा माणूस दिसला की डेंग्यू, टायफॉईड, मलेरिया आधी आठवतात, त्यात डॉक्टरची चूक नाही. रानात किंवा काजूच्या बागेत होतो, त्या भागात माकडं मेलीत, हे आपण सांगितलं तरच रक्त माकडतापासाठी तपासायला जातं. पहिल्या काही दिवसांत रक्तातला विषाणू पकडणारी तपासणी करतात, पुढं शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं पाहतात. म्हणून ताप कधी सुरू झाला तो दिवसही बरोबर सांगायचा.

तुमच्या दिरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. काही जणांत, साधारण दहा-वीस टक्क्यांत, हा ताप उतरतो, एक-दोन आठवडे माणूस बरा वाटतो आणि मग ताप पुन्हा येतो. त्या वेळी तो डोक्याकडे जातो. जोराची डोकेदुखी, हात थरथरणं, अंधुक दिसणं, मान आखडणं, बोलण्यात असंबद्धपणा. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. १०८ ला फोन करा आणि थेट बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या, मधे कुठं थांबू नका. असं काही झालं नाही तरी अशक्तपणा लगेच जाणार नाही, काही आठवडे, कधी काही महिने राहतो. "ताप गेला, आता शेतात चल" असं त्यांना कुणी म्हणू नये. डाळ, अंडी, ताक, भरपूर पाणी, सावलीतली बाज आणि तुमची पोरं भोवती, हे त्यांना आता औषधाइतकंच लागणार आहे. यंदाच्या हंगामात त्यांनी बागेत जायचं नाही, यावर तडजोड नको.

दुधाचं आटोपतं घेते. गाय विकू नका. गाई-म्हशींवर गोचिडी वाढतात, पण त्यांच्या दुधातून माकडताप लागल्याचा पुरावा नाही. दूध तसंही उकळूनच प्यायचं. डेअरीच्या सेक्रेटरीला गावकऱ्यांसमोर न पकडता एकटं गाठा आणि पशुवैद्यकाच्या तोंडून हे वदवून घ्या. जनावरांच्या गोचिडीसाठी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात औषध मिळतं, ते मागून लावा. ज्या बाजूला वानर मेलं त्या बाजूला यंदा जनावरं सोडू नका आणि तिकडचा पातेरा गोठ्यात पसरू नका. गवताच्या पेंढीवर भागवा. तरवा कमी भाजला गेला तरी चालेल.

तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीत, पण रानात जळणाला तुम्हीच जात असाल. आपल्याकडे कामाला जाताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, हातांसाठी ते चांगलंच. पण पोटऱ्या उघड्या राहतात आणि गोचीड खालून वर चढते. साडीखाली जुनी पँट घाला, तिची टोकं मोज्यात खोचा. कुणी हसलं तर हसू दे. गोचीड दूर ठेवणारं डेपा नावाचं तेल आहे. संरक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं हे तेल माकडतापाच्या भागात आरोग्य खातं वाटतं. रानात शिरण्याआधी हातापायांना लावायचं, काही तास टिकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा, नसेल तर आमच्या भागाला द्या म्हणून लेखी मागा आणि पोच घ्या. रानातून आल्यावर अंगावरचे कपडे उंबऱ्याबाहेर उतरवून गरम पाण्यात टाकायचे, साबण लावून अंघोळ करायची, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची वळी, कानामागचा भाग दुसऱ्याकडून बघून घ्यायचा. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल ओतू नका, काडी लावून भाजू नका, बोटानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि जागा धुवा.

लशीबद्दल गावात कुणी सांगत असेल तर ऐकून ठेवा. पूर्वी एक लस देत होते, पण तिचा उपयोग पुरेसा होत नाही म्हणून २०२२ मध्ये कर्नाटकानं ती थांबवली. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर तेल, कपडे आणि तपासणी हेच आपल्या हातात आहे.

गावाशी कसं बोलायचं? नळावर भांडू नका. तिथं दहा जणी आणि तुम्ही एकट्या. तुमच्या बाजूनं बोलायला वजनदार माणूस हवा आणि तो माणूस म्हणजे आरोग्य केंद्राचे डॉक्टर. पतींना घेऊन तिथं जा आणि विनंती करा की डॉक्टरांनी एक संध्याकाळ गावात यावं, देवळासमोर बसावं आणि मराठीत बोलावं. कानडी पत्रक भिंतीवर असतं, पण आपल्या गल्लीतल्या कित्येक बायकांना ते वाचता येत नाही. शाळेतल्या गुरुजींनी ते मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं तरी मोठं काम होईल. डॉक्टर आले की आधी तुमच्या घरी चहा घ्या म्हणा. दहा भाषणांनी होणार नाही ते त्या एका कपानं होईल, कारण गाव बघत असतं. धाकटीच्या अंगणवाडीचा प्रश्न मात्र चहावर सोडू नका. आजारी नसलेल्या मुलीला परत पाठवायचा कुणाला अधिकार नाही. आधी सुपरवायझरना सांगा, दोन दिवसांत काही झालं नाही तर खानापूरला सीडीपीओंच्या, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या, ऑफिसात अर्ज द्या.

सासूबाई वार पाळायचं म्हणत असतील, पंचांनी तसं ठरवलं असेल, तर विरोध करू नका. त्या दिवशी गावातलं कुणी रानात जात नाही, हे चांगलंच आहे. त्याच दिवशी डॉक्टरांची बैठक ठेवता आली तर सगळे घरी सापडतील.

आता राहिला तुमच्या पतींचा प्रश्न, आणि यात मला तुम्हाला सोपं उत्तर देता येत नाही. उचल घेतलेली आहे, दवाखान्यात पैसे गेलेत, दीर घरात पडून आहेत. जाऊ नका म्हणून मी इथं बसून लिहिणं सोपं आहे, चूल तुमची पेटायची आहे. माझं मत असं की आधी मालकाला फोन करून स्पष्ट विचारा, बागेच्या कुठल्या बाजूला माकडं मेली, आरोग्य खात्याला कळवलं का, औषध मारलं का. कळवलेलं नसेल किंवा तो उडवाउडवी करत असेल, तर यंदा त्या बागेत पाऊल ठेवू नये. उचल पुढच्या वर्षीच्या कामात फेडू असं चार माणसांसमोर ठरवावं. मालक सरळ असेल तर जावं, पण त्या पट्ट्यात काम करायचं नाही आणि बागेतल्या खोपटात झोपायचं नाही, गावात खोली द्यायची, या अटीवर. पायात गमबूट, अंगाला तेल, रोज संध्याकाळी अंगाची तपासणी, आणि हे सगळं सोबतच्या मजुरांनाही सांगायचं. दिरांच्या जागी तुम्ही जायचा विचार करत असाल तर तो सोडा. घरात एक जण आजारी असताना दोघांनी तिकडं असणं बरोबर नाही.

आणि एक चूक आपली माणसं नेहमी करतात, ती तुमच्या पतींनी करू नये. बागेत ताप आला की दोन दिवस अंग झाकून काढतात आणि मग घाट चढून घरी येतात, उपचाराचे पहिले दिवस प्रवासात जातात. वाळपईला सरकारी दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांना हा आजार चांगला ठाऊक आहे. ताप आल्या दिवशीच तिथं जायचं. एका कागदावर लिहून द्या : "काजूच्या बागेत काम करतो, घरात भावाला माकडताप झाला होता, तोही याच बागेत, माझं रक्त तपासा." खाली तुमचा फोन नंबर घाला आणि कागद त्यांच्या पाकिटात ठेवा.